चौरसाची परिमिती, कोपरे आणि क्षेत्रफळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौरस हा शालेय भूमितीतला सर्वांत सोपा आकार समजला जातो, आणि बहुधा त्यामुळेच त्याच्याविषयीचे गैरसमज वयाच्या चाळिशीपर्यंत टिकून राहतात. पुढील प्रश्न पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि जागा घेणाऱ्या किंवा घर बांधणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांतील उदाहरणे शक्यतो सोलापुरातल्या रोजच्या व्यवहारातून घेतली आहेत; गणित मात्र कुठेही गेले तरी तेच राहते.

चारही बाजू समान असल्या की आकृती चौरस होते का?

होत नाही. चौरस होण्यासाठी दोन अटी लागतात: चारही बाजू समान असणे आणि चारही कोन काटकोन, म्हणजे ९० अंशांचे असणे. पहिली अट पाळून दुसरी मोडणाऱ्या आकृतीला समभुज चौकोन म्हणतात, आणि दुसरी पाळून पहिली मोडणारी आकृती आयत असते.

याची खात्री हाताने करून घेता येते. सारख्या लांबीच्या चार लाकडी पट्ट्या घ्याव्यात आणि प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारून चौकट तयार करावी. एकच खिळा असल्यामुळे ती चौकट बोटाने ढकलली तरी कलंडते. पट्ट्या १० इंचांच्या असतील, तर कलण्यापूर्वी आतले क्षेत्रफळ १०० चौरस इंच असते. कोपऱ्यातला कोन ३० अंशांपर्यंत दाबला, की ते निम्मे, म्हणजे ५० चौरस इंच उरते. पट्ट्यांची लांबी एक सूतभरही बदललेली नसते, त्यामुळे परिमिती पूर्वीइतकीच, ४० इंच, राहते. क्षेत्रफळ केवळ बाजूंवर नव्हे, तर कोपऱ्यांवरही अवलंबून असते, ही गोष्ट सूत्र पाठ करून लक्षात येत नाही, ती या चौकटीने येते.

मग चौरसाला आयत म्हणता येईल का?

येईल. आयताची अट चारही कोन काटकोन असण्याची आहे, आणि ती चौरस पूर्ण करतो. प्रत्येक चौरस आयत असतो, प्रत्येक आयत चौरस नसतो. सोलापुरी चादर अंथरून पाहिली तर ती आयत आहे, तीच लांबीच्या बाजूने योग्य ठिकाणी कापली तर चौरस होईल.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांत नेहमी घोटाळा होतो. कोणते कधी वापरायचे?

परिमिती म्हणजे कडेने चालत एक फेरी पूर्ण केल्यावर कापलेले अंतर. ती लांबी असते आणि फूट, इंच, मीटर अशा एककांत मोजली जाते. क्षेत्रफळ म्हणजे त्या कडेच्या आत मावणारा पृष्ठभाग, आणि तो चौरस फूट, चौरस मीटर अशा एककांतच सांगावा लागतो.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि नॅपकिन विणले जातात. तिथला १२ इंच बाजूचा चौकोनी नॅपकिन डोळ्यांसमोर आणावा. त्याला किती कापड लागले हे विचारले, तर उत्तर क्षेत्रफळात येते: १२ × १२ = १४४ चौरस इंच. त्याच्या चारही काठांना शिलाई मारायला यंत्राखालून किती लांबी जाईल हे विचारले, तर उत्तर परिमितीत येते: ४ × १२ = ४८ इंच. नॅपकिन एकच, पण कापडाचा हिशेब करणारा आणि शिलाईचा हिशेब करणारा वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. गणितात अडकल्यास प्रथम ‘आपण काठ मोजत आहोत की कापड?’ असे स्वतःला विचारावे. सूत्र त्यानंतर आठवले तरी चालते.

सूत्रे दोनच आहेत: चौरसाची परिमिती = ४ × बाजू, आणि क्षेत्रफळ = बाजू × बाजू. उलट दिशेने जाताना परिमितीला ४ ने भागले की बाजू मिळते, तर क्षेत्रफळावरून बाजू काढायला वर्गमूळ घ्यावे लागते. क्षेत्रफळालाही ४ ने भागणे ही उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारी चूक आहे.

बाजू ४ असेल तर परिमितीही १६ आणि क्षेत्रफळही १६ येते. म्हणजे ती दोन्ही समान झाली का?

आकडे समान झाले, राशी समान झाल्या नाहीत. एक १६ फूट आहे, दुसरे १६ चौरस फूट आहे, आणि या दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. तोच चौरस इंचांत मोजून पाहिला की हा योगायोग लगेच उघडा पडतो: बाजू ४८ इंच, परिमिती १९२ इंच आणि क्षेत्रफळ २,३०४ चौरस इंच. एकक बदलताच सारखेपणा नाहीसा होत असेल, तर तो सारखेपणा चौरसाचा नव्हता, आपण निवडलेल्या एककाचा होता.

बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळही दुप्पट होईल ना?

परिमिती दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते. १२ इंचांचा नॅपकिन २४ इंचांचा केला, तर काठाची शिलाई ४८ वरून ९६ इंचांवर जाते, पण कापड १४४ वरून ५७६ चौरस इंचांवर जाते. बाजू तिप्पट केली तर कापड नऊपट.

याची दुसरी बाजू कारखानदाराला अधिक चांगली ठाऊक असते. २४ इंचांच्या एका चौरस तुकड्याचे १२ इंचांचे चार नॅपकिन केले, तर कापड तेवढेच राहते, परंतु शिवायचा काठ ९६ इंचांवरून १९२ इंचांवर जातो, आणि दुमडून नीट बसवायचे कोपरे ४ वरून १६ होतात. छोट्या नॅपकिनचा दर कापडाच्या मानाने चढा का वाटतो, याच्या अनेक कारणांपैकी हे एक निव्वळ भूमितीचे आहे.

अर्धा गुंठा म्हणजे साडेसोळा फूट बाय साडेसोळा फूट का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडू शकतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस; ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. जमीन मोजण्याची जुनी साखळी ३३ फुटांची होती, आणि त्या साखळीच्या चौरसालाच गुंठा म्हटले गेले. असे ४० गुंठे मिळून एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट होतात.

आता दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर १६.५ × १६.५ = २७२.२५ चौरस फूट भरतात, म्हणजे पाव गुंठा. अर्धा गुंठा ५४४.५ चौरस फुटांचा असतो. तो चौरस आकारातच हवा असेल, तर त्याची बाजू सुमारे २३ फूट ४ इंच येते. एकच बाजू निम्मी करून ३३ × १६.५ असा आयत घेतला तरी अर्धा गुंठा बरोबर भरतो. जुळे सोलापूर किंवा विजापूर रस्त्याच्या बाजूला ‘अर्धा गुंठा’ अशी जागा सांगितली गेली, तर लांबी-रुंदीचे आकडे विचारून गुणाकार स्वतः करून पाहणे केव्हाही चांगले.

गुंठ्यांवरून परिमितीचाही एक सुंदर नमुना मिळतो. एका गुंठ्याच्या चौरसाला कुंपण १३२ फूट लागते. एक एकर जमीन सलग चौरस असेल, तर तिची बाजू सुमारे २०८.७ फूट आणि कुंपण सुमारे ८३५ फूट होते. तीच एक एकर जमीन चाळीस सुट्या गुंठ्यांत वाटली आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्याला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण घातले, तर ४० × १३२ = ५,२८० फूट तार लागते. हे अंतर बरोबर एक मैल भरते. क्षेत्रफळ एका चौरस फुटानेही वाढलेले नसते.

सातबाऱ्यावर आर असे लिहिलेले असते. आर आणि गुंठा एकच आहेत का?

जवळजवळ, पण एक नव्हेत. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, १०० चौरस मीटर. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा असतो. एका आराचे १,०७६.३९ चौरस फूट होतात, म्हणजे गुंठ्यापेक्षा साधारण साडेबारा चौरस फूट कमी. एखाददुसऱ्या गुंठ्याच्या बोलण्यात हा फरक दिसत नाही, चाळीस गुंठ्यांत तो पाचशे चौरस फुटांवर जातो.

१ मीटर म्हणजे ३.२८ फूट, तर १ चौरस मीटर म्हणजे ३.२८ चौरस फूट का होत नाही?

कारण चौरस मीटरच्या दोन्ही बाजू ३.२८ फुटांच्या असतात. गुणाकार दोनदा करावा लागतो आणि उत्तर सुमारे १०.७६ चौरस फूट येते. त्याच न्यायाने एका चौरस फुटात १२ नव्हे, १४४ चौरस इंच असतात, आणि एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर. परीक्षेत या एकाच कारणाने जाणारे गुण वाचवायचे असतील, तर आकडेमोड करण्याआधी बाजूचे एकक बदलून घ्यावे, क्षेत्रफळाचे नंतर बदलू नये.

दहा बाय दहाच्या खोलीला दोन बाय दोनच्या किती शहाबादी फरशा लागतील?

पंचवीस. पुष्कळ जण १०० ला २ ने भागून ५० सांगतात, पण एक फरशी २ चौरस फुटांची नसून २ × २ = ४ चौरस फुटांची असते. दुसऱ्या मार्गानेही पडताळता येते: एका ओळीत पाच फरशा, अशा पाच ओळी.

खोली ११ × ११ फुटांची असेल तर प्रश्न अधिक रंजक होतो. क्षेत्रफळ १२१ चौरस फूट, त्याला ४ ने भागले की ३०.२५ येतात, म्हणजे ३१ फरशा. प्रत्यक्ष जमिनीवर त्यांची मांडणी अशी दिसते: एका कोपऱ्यापासून पाच बाय पाच अशा २५ अखंड फरशा, उरलेल्या दोन कडांना प्रत्येकी पाच अर्ध्या फरशा आणि शेवटच्या कोपऱ्यात एक पाव तुकडा. दहा अर्ध्यांना पाच फरशा कापाव्या लागतात, कोपऱ्यातल्या पाव तुकड्याला एक, एकूण ३१. परंतु हा हिशेब प्रत्येक फरशी मधोमध सरळ चिरली जाईल हे गृहीत धरून केलेला आहे. शहाबादी हा थरांचा दगड असल्यामुळे कापताना त्याच्या कडेचे टवके उडतात. त्यामुळे शहाबादहून आलेल्या गाडीतून चार-दोन फरशा जास्तीच्या उतरवून घेणाऱ्या गवंड्याला गणित येत नाही, असे समजण्याचे कारण नाही.

भिंतीलगत बसवायच्या पट्टीचा हिशेब मात्र परिमितीचा असतो. दहा बाय दहाच्या खोलीची परिमिती ४० फूट. तीन फुटांचे दार वगळून ३७ फूट पट्टी लागते.

चौरसाचे कोपरे किती? एक कोपरा कापला तर किती उरतात?

चौरसाला चार कोपरे असतात. भूमितीत त्यांना शिरोबिंदू म्हणतात, आणि तिथे तयार होणाऱ्या चार काटकोनांची बेरीज ३६० अंश होते.

चौरस कागदाचा एक कोपरा तिरका कापला, तर ‘तीन उरले’ असे उत्तर चटकन दिले जाते. कागद हातात धरून मोजले की पाच भरतात. एक कोपरा गेला, त्याच्या जागी दोन नवे आले. कापलेल्या त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सारख्या असतील, तर नवे दोन्ही कोन १३५ अंशांचे असतात, आणि तीन काटकोनांसह त्यांची बेरीज ५४० अंश होते. अशा वेळी परिमिती कमी होते, कारण दोन बाजूंनी वळून जाण्याऐवजी आता आडवाटेने सरळ जाता येते.

कोपऱ्यातून चौरस तुकडाच काढला तर परिमिती किती कमी होते?

मुळीच कमी होत नाही. १२ इंचांच्या चौरसाच्या कोपऱ्यातून ३ इंचांचा चौरस काढला, तर क्षेत्रफळ १४४ वरून १३५ चौरस इंचांवर येते. परिमिती मात्र ४८ इंचच राहते: काठाचे ३ आणि ३ इंच गेले, आत नवे ३ आणि ३ इंच तयार झाले. कोपरे सहा होतात. हाच तुकडा काठाच्या मधून काढला, तर काठाचे ३ इंच जातात आणि आत ९ इंच नवे येतात. परिमिती उलट वाढून ५४ इंच होते.

घराच्या बांधकामात याचा रोकडा उपयोग आहे. खोलीच्या कोपऱ्यात चौकोनी खांब आला, तर फरशी तेवढी कमी लागते, पण भिंतीलगतची पट्टी आधीइतकीच लागते. खांब भिंतीच्या मध्यावर पुढे आला असेल, तर पट्टी जास्त लागते.

कुंपणाचे खांब मोजताना चार जास्त का येतात?

कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंच्या हिशेबात धरला जातो म्हणून. ३३ फुटांच्या बाजूवर दर ११ फुटांवर खांब रोवला, तर एका बाजूवर चार खांब दिसतात, आणि ४ × ४ = १६ असा गुणाकार मोहात पाडतो. कोपऱ्यातले चारही खांब त्यात दोनदा मोजले गेलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात १२ लागतात. परिमितीवरून थेट काढले तरी तेच येते: १३२ ÷ ११ = १२. बंद कुंपणात जितकी अंतरे तितकेच खांब. पाच बाय पाच ठिपक्यांच्या रांगोळीत बाहेरच्या कडेवर वीस नव्हे, सोळा ठिपके असतात, त्याचे कारणही हेच.

आखणी केल्यावर कोपरे काटकोनात आहेत हे कसे तपासावे?

चारही बाजू मोजून समान आल्या म्हणजे काम झाले, हा समज पहिल्याच प्रश्नातल्या चौकटीने खोडून काढला आहे. गवंड्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, छोट्या अंतरासाठी ठीक असतो, पण एक-दोन फुटांच्या गुण्यातली बारीकशी चूक ३३ फुटांवर पोहोचेपर्यंत मोठी होते. म्हणून दोरीचा उपाय करतात. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी; दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोन काटकोन असतो. अंतरे वाढवून ९, १२ आणि १५ फूट घेतली, तर चूक आणखी लवकर सापडते.

चारही खुंट्या ठोकून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. बाजू समान आणि कर्णही समान असतील, तर आकृती चौरसच असते. कर्णाची लांबी बाजूच्या सुमारे १.४१४ पट येते, म्हणून एका गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण ४६ फूट ८ इंच भरायला हवा.

समजा, बाजू चारही ३३ फूट आहेत, पण एक कर्ण फूटभर जास्त आला. मग दुसरा जवळपास फूटभर कमी येतो, कोपरे ९० ऐवजी साधारण साडेसत्याऐंशी आणि साडेब्याण्णव अंशांचे होतात, आणि एक बाजू दुसऱ्या टोकाला सुमारे १ फूट ५ इंच कलते. अशा वेळी जागा किती गमावली, हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर अनपेक्षित आहे: जेमतेम एक चौरस फूट. तोटा क्षेत्रफळात होत नाही. तो फरशीची शेवटची ओळ एका टोकाला निमुळती होत जाते, कपाट भिंतीला चिकटत नाही आणि शेजारच्या हद्दीशी वाद होतो, अशा रूपांत दिसतो.

फक्त कर्ण माहीत असेल तर क्षेत्रफळ काढता येते का?

येते. कर्णाचा वर्ग करून त्याला २ ने भागावे. कर्ण १० फूट असेल, तर क्षेत्रफळ ५० चौरस फूट. यामागचे तत्त्व आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांविषयीच्या प्राचीन ग्रंथात, फार पूर्वी सांगितलेले आहे: चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा असतो. कागदाच्या चौरसाचे चारही कोपरे मध्याकडे दुमडले, तर आत जो छोटा चौरस तयार होतो तो मूळ कागदाच्या बरोबर निम्मा असतो, कारण कागद सर्वत्र दुहेरी झालेला असतो. बौधायनाचा नियम एवढ्या घडीत दिसतो.

परिमिती तेवढीच असताना चौरस जागा घ्यावी की लांबट?

समान परिमितीच्या सर्व आयतांमध्ये चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते. १०० फूट कुंपणाची तार हाताशी आहे असे धरू. ३० × २० च्या प्लॉटला ती पुरते आणि ६०० चौरस फूट जागा वेढली जाते. ४० × १० ला वेढले तर ४०० चौरस फूट. २५ × २५ च्या चौरसात ६२५ चौरस फूट. उलट दिशेने, ६०० चौरस फूटच हवेत आणि जागा चौरस मिळाली, तर बाजू सुमारे २४.५ फूट येऊन कुंपण ९८ फुटांवर भागते. दोन फुटांच्या तारेसाठी कोणी प्लॉट बदलणार नाही. रस्त्याकडचा दर्शनी भाग किती रुंद आहे, याला खरेदीत अधिक वजन असते. फरक जाणवतो तो फार लांबट, पट्टीसारख्या जागांमध्ये.

कोपऱ्यांची अटच सोडली, तर चौरसही मागे पडतो. १०० फुटांची तीच तार गोल फिरवली, तर आत सुमारे ७९६ चौरस फूट जागा येते.